हिरोजी सातो आणि त्याची मुकी बॅट

जव्हार संस्थानच्या उगमाविषयीची एक कथा ठाणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरात नमूद केलेली आहे. थळ घाटानजीक मुकणे येथे पौपेरा ऊर्फ जयबा नामक एका कोळी नायकाची लहानशी मातीची गढी होती. पिंपरी येथील देवस्थानी पाच कोळी गोसाव्यांनी त्यास जव्हारचा अधिपती म्हणून आशीर्वाद दिला. त्यावर त्याने माणसे जमविली. पेठ व धरमपूर येथील लोकांकडून आपला अधिकार मान्य करून घेतला. सुरतेवरून तो काठेवाडापर्यंत गेला, आणि सात वर्षांनी परत येऊन त्याने जव्हारच्या तत्कालीन वारली नायकापाशी एवढेच मागितले की, एका बैलाच्या कातड्यात मावेल तितकी भूमी मला द्यावी. मागणी क्षुल्लक दिसली व ती मान्य झाली. मग जयबाने त्या कातड्याच्या बारीक वाद्या कापविल्या, त्या एकीस एक जोडल्या, आणि त्यांचे कडे नायकाच्या राहत्या ठाण्याभोवती फिरविले. जव्हार त्याचे झाले. वारली नायकास गंभीरगड व त्याच्या आसपासचा मुलूख देण्यात आला. ह्याच जयबाच्या पुत्रास दिल्लीच्या बादशहाने राजपद दिले, आणि त्या दिवसापासून, म्हणजे ५ जून १३४३ पासून, जव्हारच्या दप्तरात स्वतंत्र शक चालू झाला.

हीच कथा भूमध्यसमुद्राच्या काठी कार्थेज नगराच्या स्थापनेविषयीही सांगतात. तेथे जयबाच्या जागी डायडो राणी आहे. तेव्हा ऐतिहासिक सत्य म्हणून ह्या कथेचा आग्रह धरण्याचे कारण नाही. परंतु इतक्या दूरच्या दोन लोकसमूहांनी आपल्या राज्याच्या आरंभी एकच कथा ठेवावी, ह्याला काही अर्थ असला पाहिजे. जयबाने केले ते चातुर्य की ठकबाजी? त्याने दिलेला शब्द मोडला नाही. शब्दाचा जो अर्थ दुसऱ्या पक्षाच्या मनात होता, तो मात्र त्याने पाळला नाही. कातडे कापू नये अशी अट कोणी घातलीच नव्हती. घालावी असे कोणास सुचलेही नव्हते, आणि ज्यास ते सुचले त्याच्या हाती राज्य आले. कोळ्यांच्या मुखातून ही कथा ऐकली तर ती बुद्धीची कथा वाटते. वारल्यांच्या मुखातून ऐकली तर ती निराळी वाटेल ह्यात संशय नाही.

न्यायाचा हा पेच राज्यांच्याच इतिहासात पडतो असे नाही. जव्हारहून एका दिवसात जाऊन परत येता येईल अशा मुंबई शहरी, फेब्रुवारी १९५२ मध्ये, नऊ फूट लांब व पाच फूट रुंद अशा एका टेबलावर तो पुन्हा एकवार पडला. त्या वेळी जयबाच्या जागी जपानच्या उत्तर टोकाकडून आलेला एक चष्मेवाला तरुण होता, आणि कातड्याच्या जागी स्पंजाचा एक तुकडा होता. त्या तरुणाचे नाव हिरोजी सातो. टेबल टेनिसचे जागतिक विजेतेपद मिळविणारा तो पहिला आशियाई पुरुष होय. तथापि खेळाच्या इतिहासात त्याचे नाव निघाले की, त्या नावापुढे गौरवाबरोबरच एक प्रश्नचिन्हही उभे राहते. ते प्रश्नचिन्ह कितपत न्याय्य आहे, ह्याचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम खेळाची पूर्वस्थिती सांगितली पाहिजे. टेबल टेनिस हा इंग्लंडात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दिवाणखान्यात जन्मलेला खेळ. आरंभीच्या बॅटी लांब दांड्याच्या असून त्यांवर ढोलकीच्या पुडीप्रमाणे चामडे ताणलेले असे. पुढे सेल्युलॉइडचा हलका, पोकळ चेंडू आला. तो चेंडू ताणलेल्या चामड्यावर व मग टेबलावर आदळताना जो दुहेरी ध्वनी होई, त्यावरून खेळास ‘पिंगपाँग’ हे नाव मिळाले. म्हणजे ह्या खेळाचे बारसेच मुळी आवाजावरून झालेले आहे. त्यानंतर लाकडी फळीवर बारीक उंचवट्यांचे रबर चिकटविण्याची युक्ति निघाली. एका इंग्रज खेळाडूस औषधांच्या दुकानातील गल्ल्यावर पसरलेले रबर पाहून ती सुचली, अशी आख्यायिका आहे. ह्या रबरी बॅटीने पुढे अर्धे शतक निर्वेध राज्य केले. १९२६ साली आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला व लंडन येथे पहिली जागतिक स्पर्धा भरली. त्या पहिल्या स्पर्धेत भाग घेणाऱ्या मोजक्या राष्ट्रांत हिंदुस्थानही होता, ही गोष्ट आपल्याकडे फारशी स्मरणात नाही. त्यापुढील काळ प्रामुख्याने हंगेरीचा. त्या देशाच्या व्हिक्टर बार्ना ह्याने एकट्याने पाच वेळा एकेरीचे विजेतेपद मिळविले.

परंतु ह्या सुवर्णकाळातच खेळास एक दुखणे जडले होते. रबरी बॅटीने बचाव करणे इतके सोपे झाले की, दोन सावध खेळाडू समोरासमोर आले म्हणजे खेळ संपता संपेना. १९३६ साली प्राग येथे एर्लिख व पानेथ ह्या दोघांमध्ये एकच गुण दोन तासांहून अधिक वेळ लढविला गेला. दुसऱ्याच वर्षी ऑस्ट्रियातील बाडेन येथे स्त्रियांच्या अंतिम सामन्यास वेळेची मर्यादा पुरली नाही, तेव्हा रूथ आरन्स व ट्राउडल प्रित्झी ह्या दोघींनाही बाद ठरवून ते विजेतेपद रिकामे ठेवण्यात आले. त्या दोघींस संयुक्त विजेत्या म्हणून मान्यता मिळण्यास २००१ साल उजाडावे लागले. महासंघाने जाळी खाली आणली, वेळेचे निर्बंध घातले. बॅट कशाची असावी, केवढी असावी, किती जाड असावी, ह्याविषयी मात्र नियमांत एक अक्षर नव्हते. बॅट कोणत्याही पदार्थाची, आकाराची व वजनाची चालत असे. कातडे कापू नये असे येथेही कोणी म्हटले नव्हते.

अशा स्थितीत १९५२ ची स्पर्धा मुंबईस भरली. जागतिक स्पर्धा आशिया खंडात येण्याची ती पहिलीच वेळ. स्वतंत्र होऊन पाच वर्षेही न झालेल्या देशाने असे यजमानपद स्वीकारावे, ह्यात एक प्रकारचे धैर्य होते. त्या स्पर्धेत जपान प्रथमच उतरत होता, आणि जपानची त्या वेळची दशा ध्यानात घेतल्याखेरीज पुढील हकीकतीचे मर्म कळणार नाही. महायुद्धात पराभूत झालेल्या ह्या राष्ट्रास १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये प्रवेश मिळाला नव्हता. सॅन फ्रान्सिस्को येथील तहावर सप्टेंबर १९५१ मध्ये सह्या झाल्या होत्या खऱ्या, पण तो अंमलात आला २८ एप्रिल १९५२ रोजी. म्हणजे फेब्रुवारीत जपानी खेळाडू मुंबईस उतरले, तेव्हा त्यांच्या मायदेशावर परकीय लष्कराचा अंमल अद्यापि चालूच होता. हिंदुस्थानने सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेस न जाता त्याच वर्षी जूनमध्ये जपानशी स्वतंत्र तह केला, आणि त्यापूर्वी मार्च १९५१ मध्ये दिल्लीच्या पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धेत जपानी खेळाडूंचे स्वागतही केले होते. जगाच्या पंक्तीत पुन्हा बसू पाहणाऱ्या त्या राष्ट्रास पाट मांडून देण्याचे काम आपल्या देशाने केले, असे म्हणण्यास हरकत नाही.

सातोचा जन्म १९२५ सालचा, व तो आओमोरी येथला. होन्शू ह्या मुख्य बेटाच्या अगदी उत्तर टोकास असलेले हे शहर जगातील अत्यंत हिमवृष्टीच्या शहरांपैकी एक आहे. टोकियो वा ओसाका ह्यांच्या मानाने तो आडवळणाचा मुलूख. जुलै १९४५ च्या अखेरीस अमेरिकन विमानांनी केलेल्या अग्निवर्षावात ते शहर बेचिराख झाले, तेव्हा सातो वीस वर्षांचा होता. पुढील सात वर्षांत त्याने हा खेळ कोणत्या नेटाने केला असेल, ह्याची कल्पना जळालेल्या शहराचे चित्र डोळ्यांपुढे आणले म्हणजे येते. मुंबईस आला तेव्हा त्याचे वय सत्तावीस होते. अंगाने किरकोळ, डोळ्यांवर चष्मा, लेखणी धरावी तशी बॅट धरण्याची आशियाई पद्धत. त्याच्याकडे पाहून कोणास भीती वाटावी असे त्यात काही नव्हते. युरोपीय व अमेरिकन खेळाडूंत मोठमोठी नावे होती. सातोचे नाव त्यांत कोणी धरले नव्हते.

पण त्याच्या हातातील बॅट निराळी होती. तिच्यावर उंचवट्यांचे रबर नसून जाड, मऊ स्पंज चिकटविलेला होता. ह्या फरकाचा परिणाम काय होतो तो समजून घेतला पाहिजे. साध्या रबरावर चेंडू आदळतो व तत्क्षणी ठक्क असा आवाज होऊन परततो. त्या आवाजावरून प्रतिस्पर्ध्यास फटक्याचा जोर कळतो, आणि कसलेल्या खेळाडूचा कान डोळ्याइतकेच काम करीत असतो. स्पंजाची गोष्ट उलट. चेंडू त्यात क्षणभर रुततो, आणि गोफणीतून दगड सुटावा तसा फेकला जातो. आवाज जवळजवळ होतच नाही. शिवाय समोरच्याने जितक्या जोराने चेंडू मारावा तितका तो स्पंज अधिक दाबला जातो, व तितकाच अधिक वेग घेऊन चेंडू परत येतो. म्हणजे आक्रमण करणाऱ्याचे बळ हेच त्याच्या नाशाचे कारण होऊ लागले. वर्षानुवर्षे विशिष्ट ध्वनीच्या व विशिष्ट कालाच्या हिशेबावर बांधलेले युरोपीयांचे कौशल्य त्या मुक्या बॅटीपुढे एकाएकी निरुपयोगी झाले.

मार्टी राइसमन हा अमेरिकेचा तडाखेबंद खेळाडू १९४९ सालच्या ब्रिटिश खुल्या स्पर्धेचा विजेता होता, व मुंबईस तो विजेतेपदाच्या आशेने आला होता. त्यास सातोने पराभूत केले. अंतिम सामन्यात सातोची गाठ हंगेरीच्या योझेफ कोत्सियान ह्याच्याशी पडली. हंगेरी म्हणजे ह्या खेळाचे माहेरघर, आणि कोत्सियान तर त्याच स्पर्धेत सांघिक विजेतेपद मिळविलेल्या चमूपैकी एक. तोही हरला. जपानने त्या एका स्पर्धेत सात विजेतेपदांपैकी चार मिळविली: सातोचे पुरुष एकेरी, फुजी व हायाशी ह्यांचे पुरुष दुहेरी, नाराहारा व निशिमुरा ह्या दोघींचे स्त्रियांचे दुहेरी, आणि त्याच दोघींच्या बळावर मिळविलेले स्त्रियांचे सांघिक विजेतेपद. जळून गेलेल्या नगरांचे राष्ट्र पहिल्याच पदार्पणात एका जागतिक खेळाचे अग्रणी ठरले. हेलसिंकीचे ऑलिंपिक अद्यापि पाच महिने दूर होते.

मग आक्षेपांस आरंभ झाला. त्यांतील पहिला असा की, सातोने खेळाच्या नीतीचा भंग केला. हा आक्षेप टिकत नाही. महाभारतातील गदायुद्धात नाभीखाली प्रहार करू नये असा नियम होता. तो उभय पक्षांस ठाऊक होता. तो मोडून भीमाने दुर्योधनाची मांडी फोडली, म्हणूनच बलराम नांगर उगारून धावला. तेथे नियमभंग होता. सातोने असा कोणता नियम मोडला? बॅटीविषयी नियम नव्हता, आणि त्याची बॅट कोणापासून लपविलेली नव्हती. पंचांनी व प्रतिस्पर्ध्यांनी ती पाहिली होती. आपल्या इतिहासात शिवछत्रपतींच्या गनिमी काव्यास मोगलांच्या पक्षाच्या तवारीखकारांनी दगाबाजी म्हटले. मोठ्या फौजेने मोकळ्या मैदानातच लढावे, हा त्यांच्या सोयीचा संकेत होता. तो युद्धाचा धर्म नव्हता. ज्यांच्या हाती सत्ता व सवय असते त्यांस आपली सवय हाच नियम वाटू लागतो, आणि जो त्या सवयीबाहेर वागतो तो त्यांच्या दृष्टीने अधर्मी ठरतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, व त्याचे उत्तर इतक्या सहजी देता येत नाही. तो असा की, विजय माणसाचा नसून बॅटीचा होता. ह्या म्हणण्यात सत्याचा अंश आहे हे प्रथम मान्य केले पाहिजे. सातोस जागतिक एकेरीचे विजेतेपद पुन्हा कधी मिळाले नाही. नवलाई ओसरली, लोकांस स्पंजाचा अनुभव आला, आणि त्याच्या विजयाचा जो भाग आश्चर्यावर उभा होता तो ढासळला. राइसमनसारख्या खेळाडूंची व्यथाही केवळ पराभूताची कुरकुर नव्हती. दोन बाजूंचा तो ऐकू येणारा संवाद, दीर्घ चकमकीतून उलगडत जाणारे डावपेच, प्रेक्षकासही समजेल असा तो खेळ आता नाहीसा होणार, हे त्यांनी ओळखले होते. आणि तो बव्हंशी नाहीसा झालाही. राइसमनने पुढे आयुष्यभर जुन्या रबरी बॅटीचा पुरस्कार केला, आणि १९९७ साली वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी त्याच जुन्या बॅटीच्या अमेरिकन राष्ट्रीय स्पर्धेत तो विजयी झाला. २०१२ साली तो निवर्तला. आपल्या आवडत्या विद्येची अशी साठ वर्षे राखण करणारा मनुष्य आमच्या मते आदरासच पात्र होय.

तथापि हा आक्षेप संपूर्णपणे मान्य करण्याच्या आड दोन गोष्टी येतात. एक तर स्पंज ही वस्तु कोणासही बाजारात मिळण्याजोगी होती. सातोच्या आधीही स्पंजाचे प्रयोग झालेले होते. पण त्या प्रयोगांतून जगज्जेता निर्माण झाला नव्हता. ज्या बॅटीवर प्रतिस्पर्ध्याचा चेंडू आवरत नव्हता, त्याच बॅटीवर सातोस स्वतःचा चेंडूही आवरावा लागत होता. तो टेबलाच्या मर्यादेत ठेवण्याचे शिक्षण बॅटीबरोबर विकत मिळत नव्हते. दुसरी गोष्ट अशी की, जपानने मिळविलेल्या चार विजेतेपदांपैकी तिहींत सातोचा हात नव्हता. एका बॅटीने एका मनुष्याचा विजय एक वेळ समजाविता येईल; सबंध चमूचा समजाविता येणार नाही. ह्या चमूच्या मागे स्वदेशात बंद दाराआड वर्षानुवर्षे झालेला अभ्यास उभा होता, व सातोची बॅट हे त्या अभ्यासाचे फक्त सर्वांत विचित्र दिसणारे फळ होते.

ह्याचा खरा पुरावा पुढील दशकाने दिला. सातोच्या विजयानंतर स्पंज सर्वांनी उचलला. नवे साधन एकट्याच्या हाती असते तोवरच ते शस्त्र असते. सर्वांच्या हाती गेले की ते केवळ साहित्य होते, आणि निकाल पुन्हा अभ्यासावर येऊन ठेपतो. स्पंज सर्वांचा झाल्यावर कोण जिंकले? पुन्हा जपानच. १९३२ साली जन्मलेल्या इचिरो ओगिमुराने १९५४ व १९५६ साली, आणि तोशिआकी तानाकाने १९५५ व १९५७ साली एकेरीचे विजेतेपद मिळविले. १९५४ पासून १९५९ पर्यंत पुरुषांचे सांघिक विजेतेपद सलग पाच स्पर्धांत जपानकडेच राहिले. ओगिमुरा पुढे १९८७ साली आंतरराष्ट्रीय महासंघाचा अध्यक्ष झाला. १९९१ च्या चिबा येथील स्पर्धेत उत्तर व दक्षिण कोरिया एकाच चमूत खेळले, त्यामागे त्याचेच परिश्रम होते. १९५९ साली डॉर्टमुंड येथे रोंग ग्वोत्वान हा चीनचा पहिला विश्वविजेता झाला, आणि तेथून ह्या खेळाचा मध्यबिंदु आशियातून कधी फारसा हललाच नाही. १९७१ साली नागोया येथील स्पर्धेनंतर अमेरिकन चमूस पेकिंगचे निमंत्रण गेले व दोन महाराष्ट्रांतील अबोला सुटला, ही कथा तर सर्वश्रुत आहे. ह्या साऱ्या प्रवाहाचा उगम शोधू गेले असता तो मुंबईच्या त्या टेबलापाशी सापडतो.

महासंघाने मात्र अनेक वर्षे वाद घातला. काही राष्ट्रे स्पंजावर सरसकट बंदी मागत होती, काहींस कसलेच बंधन नको होते. अखेर १९५९ साली निर्णय झाला तो असा: नुसत्या स्पंजाची बॅट वर्ज्य, उंचवट्यांचे साधे रबर दोन मिलिमीटरपर्यंत, आणि स्पंजावर रबर बसविलेले असेल तर दोन्ही मिळून जाडी चार मिलिमीटरपर्यंत. आज शाळकरी मुलांच्या हातात दिसते ती बॅट ह्या तडजोडीचेच अपत्य आहे. जयबाच्या कथेतील वारली नायकास गंभीरगड मिळाला, तसे जुन्या संप्रदायास येथे रबराचे वरचे आवरण मिळाले, आणि नव्याकडे आतील राज्य गेले. असा निवाडा कोणासच सर्वस्वी रुचत नाही. परंतु त्यामुळे पुढचा व्यवहार चालतो. नियम हे बहुधा असेच होतात. ते आधी असतात व माणसे त्यांनुसार वागतात, असा आपला समज असतो. वस्तुतः कोणी तरी मोकळ्या जागेत पाऊल टाकतो, आणि मग तेथे कुंपण कोठे घालावे ह्याचा विचार सुरू होतो.

हे कुंपण एकदा घालून वाद मिटला असेही नाही. एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास बॅटीच्या दोन बाजूंस भिन्न गुणांची पण एकाच रंगाची रबरे लावून ती खेळताना फिरविण्याची युक्ति निघाली. आवाजावरून रबर ओळखू येऊ नये म्हणून फटक्याच्या क्षणी जमिनीवर पाय आपटण्याचाही प्रघात पडला. त्यावर दोन बाजू दोन भिन्न रंगांच्या असाव्यात असा नियम करावा लागला. २००० साली, म्हणजे ज्या वर्षी सातोचे निधन झाले त्याच वर्षी, खेळाचा वेग आवरण्यासाठी चेंडूचा व्यास अडतीस मिलिमीटरांवरून चाळीस करण्यात आला. सातोने सोडलेल्या वेगाचा बंदोबस्त अर्धशतकानंतरही चालूच होता.

ह्या वादाची एक शाखा आपल्या अंगणापर्यंत आलेली आहे. एप्रिल २०१८ मध्ये गोल्ड कोस्ट येथील राष्ट्रकुल स्पर्धेत भारतीय स्त्रियांनी सिंगापूरचा ३-१ असा पराभव करून सांघिक सुवर्णपदक मिळविले. ही सांघिक स्पर्धा २००२ साली सुरू झाल्यापासून सिंगापूर कधीच हरले नव्हते. पहिल्या सामन्यात मनिका बत्राने ऑलिंपिक पदकविजेत्या फेंग तियानवेईस हरविले. मनिकाच्या बॅटीच्या एका बाजूस लांब उंचवट्यांचे रबर असते. त्यावरून परतणाऱ्या चेंडूची गति व फिरकी प्रतिस्पर्ध्यास चकविते, आणि अशा रबराविषयी नाक मुरडणारे लोक आजही आहेत. परंतु ते रबर नियमांत बसते, आणि त्यावर प्रभुत्व मिळविण्यास वर्षे लागतात. दुसरा सामना ठाण्याची मधुरिका पाटकर हरली; पण लगेच तिसऱ्या, दुहेरीच्या सामन्यात मौमा दासच्या साथीने तिने तो पराभव भरून काढला. चौथा पुन्हा मनिकाने जिंकला. त्या चमूत पुण्याची पूजा सहस्रबुद्धेही होती. मधुरिकेस २०२० सालचा अर्जुन पुरस्कार मिळाला. जव्हार व मोखाडा हे तालुके १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा निराळा होईपर्यंत ठाणे जिल्ह्यातच मोडत होते, तेव्हा मधुरिकेचे यश ह्या मुलुखासही परके नाही.

येथेच आमच्या मते सातोच्या चरित्राचा खरा उपयोग आहे. जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ भागातील मुलांच्या अंगी चिकाटी व चपळाई आहे, हे कोणी नव्याने सिद्ध करावयास नको. मोखाड्याच्या शेजारीच, हरसूलकडील सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावण्यात कांस्य, व त्याच वर्षी ग्वांगचौ येथील आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळविले. धावण्यास डोंगरवाट पुरते. परंतु ज्या खेळांस सपाट टेबल, वाऱ्यापावसापासून आडोसा व महागडी बॅट लागते, ते खेळ आमच्यासाठी नव्हेत, असा समज आडवळणाच्या गावी सहज रूढ होतो. पावसाळ्याचे चार महिने मैदान मिळत नाही अशा प्रदेशात वस्तुतः छपराखालचा खेळच अधिक सोयीचा. पण त्यासाठी छप्पर व टेबल कोणी तरी पुरविले पाहिजे, आणि ते पुरविण्याचे कर्तव्य मुलांचे नव्हे, वडीलधाऱ्यांचे आहे. आओमोरीच्या बर्फातून व राखेतून आलेल्या एका किरकोळ तरुणाने दाखवून दिले की, मध्यवर्ती शहरांनी ठरविलेल्या पद्धतीचे अनुकरण हा एकच मार्ग मागाहून येणाऱ्यांस खुला असतो असे नाही. त्यांस आपला मार्ग स्वतः शोधता येतो. मात्र शोधलेल्या मार्गावर चालण्याचे श्रम टळत नाहीत.

तेव्हा सातोविषयी निवाडा काय करावा? बार्ना किंवा ओगिमुरा ह्यांच्या पंक्तीस त्यास बसविणे हे अतिशयोक्तीचे होईल. एक विजय म्हणजे एक युग नव्हे. परंतु त्यास लबाड ठरविणे हा त्याहून मोठा अन्याय होईल. कोणताही नियम न मोडता, सर्वांच्या देखत, एका सामान्य वस्तूचा असामान्य उपयोग त्याने करून दाखविला, आणि त्याची किंमतही त्यास द्यावी लागली. कारण त्याने उघडलेल्या दारातून त्याच्याहून अधिक गुणी माणसे आत आली व ती त्याच्या पुढे निघून गेली. दार उघडणाऱ्याच्या नशिबी बहुधा हेच येते. नंतर येणाऱ्यांस ते दार नेहमी उघडेच होते असे वाटते, आणि ज्याचे कान जुन्या आवाजास सरावलेले असतात त्यास ते कधी उघडलेच नसते तर बरे झाले असते असे वाटते. इतिहास लिहिणाऱ्याने ह्या दोहोंपैकी कोणाचीही बाजू न घेता एवढीच नोंद करावी की, फेब्रुवारी १९५२ मध्ये मुंबई येथे ते दार उघडले गेले, ते उघडणाऱ्याचे नाव हिरोजी सातो असे होते, आणि त्याच्या हातातील बॅटीचा आवाज होत नव्हता.